पिंजऱ्यातलं भजं

धुळवडीच्या पहाटे साडेपाचला गजर झाला आणि मी डोळे न उघडताच उशीजवळ हात फिरवला. थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली हाताला लागेना. मग आठवलं, रात्रीच नवऱ्याने ती उचलून कपाटात साड्यांच्या मागे ठेवली होती. "सवयीने घेशील," म्हणाला होता. खरंच घेतली असती. जवळजवळ वर्षभर रोज पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत एक गोळी आणि एक पेला पाणी, असा नेम होता. त्या दिवसापासून, म्हणजे २५ मार्च २०२४ पासून, चार आठवडे गोळी बंद. २२ एप्रिलला रक्त द्यायचं आणि किरणोत्सारी आयोडीनची छोटी कॅप्सूल घ्यायची, २४ ला स्कॅन. रंगाच्या पिशव्या घेऊन पोरं खाली दंगा करत होती आणि मी पलंगावर बसून नुसतंच पाणी प्यायले. गोळी नाही तर नाही, पाणी तरी चुकू नये म्हणून.

"तुम्हाला थायरॉइड आहे का हो?" असं बायका एकमेकींना सहज विचारतात. मला कुणी विचारलं की मी सांगते, "नाही, मला थायरॉइड नाही." आणि हे अक्षरशः खरं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत माझी थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. गळ्यात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी, आणि तिच्या उजव्या पंखात पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. शेजारच्या लसिका ग्रंथींपैकी तिघींमध्येही त्या पेशी पोचल्या होत्या. पाच-सहा आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडीन (आयोडीन-१३१), १०० मिलिक्युरी या किरणोत्साराच्या मापाचं, घेऊन एका खोलीत एकटी राहिले. बाहेर पडल्यावर प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं, "हा कॅन्सर चांगला असतो." डॉक्टर हे बोलतात तेव्हा त्यांच्या मनात आकडे असतात. हा आजार बहुतेकांच्या बाबतीत खरोखरच आटोक्यात येतो, हेही मला मान्य आहे. पण भिशीतली मैत्रीण ढोकळा खाता खाता तेच बोलते, तेव्हा मला वाटतं, चांगला आहे तर घे ना तू, मी ढोकळा खाते.

असो. सांगायचं होतं ते गोळीबद्दल.

ऑपरेशन, दाखल होणं, किरणोत्सर्ग हे सगळं लोकांना मोठं वाटतं, कारण ते घडतं आणि संपतं. गोळी संपत नाही. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे काढलेल्या ग्रंथीचं काम करणारं थायरॉक्सिन, १२५ मायक्रोग्रॅम, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चहासुद्धा नाही. सुरुवातीला मी हा हिशोब अगदी मनोभावे पाळला आणि तरीही चुकले. ऑपरेशनमध्ये थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना कधीकधी धक्का बसतो आणि रक्तातलं कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. म्हणून मला कॅल्शियमच्या गोळ्याही होत्या. एकदा ऑफिसला जायची घाई म्हणून मी सगळ्या गोळ्या पहाटेच एकत्र घ्यायला लागले. एकाच पाण्यात दोन्ही कामं! दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, तपासला, तर जो ०.१ च्या आसपास असायला हवा तो ४ च्या पुढे. डॉक्टरबाईंनी डोस वाढवण्याआधी विचारलं, "कॅल्शियम कधी घेता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. कॅल्शियम पोटातच थायरॉक्सिनला धरून बसतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची काही औषधंही हेच करतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. मी दोन महिने रोज न चुकता गोळी गिळत होते आणि तिच्यातली बरीचशी पोटातूनच परस्पर निघून जात होती.

तेव्हापासून पहाटे थायरॉक्सिन, आणि कॅल्शियम दुपारी व रात्री जेवणानंतर. बाटली आधी स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर होती, ती बेडरूममध्ये आणली. गोळी नाजूक असते, उष्णता आणि दमटपणा तिला सोसत नाही, आणि डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. मेडिकलवाला एकदा म्हणाला, "ताई, तुमची कंपनी संपलीय, ही दुसरी घ्या, सेमच आहे." मी नको म्हटलं. कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघावा लागतो, कारण आकडा जागेवर बसायला तेवढा वेळ जातो. मला तो सुईचा व्याप नको होता.

आणखी एक. ऑपरेशननंतर केस मूठभर हातात यायला लागले, तेव्हा बहिणीने बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्या. त्या घेत असताना केलेली तपासणी अशी काही आली की डॉक्टरबाई रिपोर्टकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. बायोटिनमुळे बऱ्याच प्रयोगशाळांच्या तपासणीची पद्धतच फसते. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि थायरोग्लोब्युलिनही कमी दिसू शकतं. माझ्यासारख्यांसाठी हे दुसरं जास्त वाईट. थायरोग्लोब्युलिन फक्त थायरॉइडच्या पेशी तयार करतात. ग्रंथी काढल्यानंतर ते रक्तात सापडलं, तर त्या पेशी कुठेतरी शिल्लक आहेत असा अर्थ निघतो. चहाडी करणाऱ्या या एकमेव साक्षीदाराचं तोंड मी केसांसाठी बंद करत होते. आता रक्त द्यायच्या आधी काही दिवस ती गोळी बंद ठेवते, आणि प्रयोगशाळाही तीच धरून ठेवली आहे. दोन ठिकाणांच्या थायरोग्लोब्युलिनच्या आकड्यांची तुलना करायची नसते.

तर स्कॅन. हा सगळ्यांनाच लागतो असं नाही. ज्यांचा आजार लहान होता, त्यांचं आता पुष्कळदा मानेची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिन एवढ्यावर भागतं. माझ्या मानेत गाठी निघाल्या होत्या आणि पहिल्या वेळच्या स्कॅनमध्ये एका जागेबद्दल डॉक्टरांना शंका होती, म्हणून वर्षाने पुन्हा बघायचं ठरलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. थायरॉइडच्या पेशीला आयोडीन लागतं. ती रक्तातून ते ओढून घेते, शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही पेशीपेक्षा कितीतरी जोरात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून तिला हुकूम देते, ओढ. थायरॉक्सिनची गोळी पुरेशी असली की पिट्युटरी गप्प बसते आणि उरलेसुरले चोर झोपून राहतात. वर्षभर आपण त्यांना झोपवून ठेवलं. आता त्यांना जागं करायचं. गोळी बंद केली की टीएसएच चढत जातो, निदान ३० च्या वर जायला हवा. त्याच वेळी जेवणातलं आयोडीन तोडायचं, म्हणजे पेशी भुकेल्या होतील. मग किरणोत्सारी आयोडीन द्यायचं. भुकेली पेशी ते झडप घालून घेणार आणि कॅमेऱ्यात चमकणार.

घरी येऊन हे मी सासूबाईंना जमेल तसं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे उंदरासारखं. घरातलं सगळं झाकून ठेवायचं आणि पिंजऱ्यात तेवढं भजं लावायचं."

मी त्यानंतर ते चित्र कुणालाच दाखवलं नाही. त्यांचंच वाक्य सांगत राहिले.

गोळी न थांबवता टीएसएच चढवायचा एक मार्ग आहे. माणसाचाच टीएसएच प्रयोगशाळेत बनवलेला असतो, त्याची इंजेक्शनं लागोपाठ दोन दिवस घ्यायची. महिनाभराची मरगळ टळते. आम्ही किंमत विचारली. नवरा म्हणाला, "घेऊ या." मी म्हटलं, "महिनाभर आळशीपणा करायचे एवढे पैसे वाचत असतील तर मी आळशी होते." आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, थोडं जास्तच ऐटीत बोलले.

पहिल्या वेळी मी ऑपरेशननंतर माहेरी होते. आईने काय शिजवलं आणि मी काय खाल्लं हे मला धड आठवतही नाही. या वेळी सगळं माझ्या स्वयंपाकघरात घडायचं होतं. कमी आयोडीनचं पथ्य दोन आठवडे, ८ एप्रिलपासून. कॅलेंडर बघितलं तर ९ ला पाडवा. म्हणजे श्रीखंड नाही. दूध, दही, ताक, लोणी काही नाही, कारण दुधात आयोडीन असतं. मासे नाहीत. अंड्याचा पिवळा बलक नाही. पाव, बिस्किट, फरसाण, हॉटेल, बाहेरचं काहीच नाही, कारण त्यात कुठलं मीठ आहे ते कुणी सांगणार नाही. सोयाबीन नाही. लाल-गुलाबी रंगाच्या मिठाया नाहीत, एरिथ्रोसिन नावाच्या खाद्यरंगात आयोडीन असतं. चेरी लावलेला केक त्यामुळे बाद. आणि मुख्य म्हणजे, मीठ नाही.

मीठ नाही म्हणजे आपलं रोजचं मीठ नाही. त्याची गंमत अशी की या देशाने ते घराघरात पोचवायला अर्धं शतक खर्च केलंय. हिमालयाच्या पायथ्याच्या भागात पूर्वी गलगंड घरोघरी असे. १९५६ च्या सुमाराला डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, काही भागांत साधं, आणि वर्षानुवर्षं गळे तपासले. आयोडीन मिळालेल्या गावांत गलगंड ओसरला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, १९९२ मध्ये त्याचं नाव बदललं. मधल्या काळात बंदी आली, उठली, आणि २००६ च्या मे महिन्यापासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर मनाई झाली. ग्राहकाच्या हातात पडेल तेव्हा मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन असलं पाहिजे असा नियम आहे. हे सगळं मला ठाऊक नव्हतं. मीठ म्हणजे मीठ एवढंच ठाऊक होतं. वाण्याच्या दुकानात उभी राहून "आयोडीन नसलेलं मीठ द्या" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी भेसळीचं तूप मागत होते.

"अहो ताई, सगळे आयोडीनवालं मागतात."

"मला बिनआयोडीनचं हवंय."

"कशाला?"

मला सांगायचं नव्हतं. "उपवासाला," म्हटलं.

आणि त्या थापेनेच रस्ता दाखवला. त्याने वळून मागच्या फळीवरून शेंदेलोणाचं पाकीट काढलं. उपवासाला चालतं ते! मी पाकीट उलटंपालटं करून बारीक अक्षरं वाचली. बरं झालं वाचली, कारण पहिल्या पाकिटावर लिहिलं होतं, 'आयोडीनयुक्त'. शेंदेलोणालाही आता आयोडीन लावतात. दुसऱ्या कंपनीचं पाकीट शोधलं, त्यावर 'आयोडीनविरहित' असं स्पष्ट होतं. समुद्राचं खडे मीठ घ्यावं का, हा विचार आला होता, पण पथ्याच्या कागदावर समुद्राच्या मिठालाही फुली होती.

सासूबाई शिरोड्याकडच्या. त्यांना हे सगळं ऐकून हसू आलं. "आमच्या शिरोड्याला १९३० साली मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या," म्हणाल्या, "आणि आमची सून मीठ सोडायला निघाली."

मग त्यांनीच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पथ्याच्या कागदाकडे त्यांनी एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "हा तर उपवास आहे, फक्त दूध नसलेला." आणि खरंच तसं होतं. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळी, बटाट्याची भाजी, केळी, फळं, शेंदेलोण. परदेशातल्या बायका या पथ्यासाठी काय काय शोधत बसतात कोण जाणे, आपल्याकडे संकष्टीला आणि एकादशीला अर्धा स्वयंपाक आधीच तयार असतो. त्यात भाकरी, भात, ताज्या भाज्या, घरच्या डाळी घातल्या की दोन आठवडे निघतात. साखर, तेल, मिरची, जिरं, खोबरं चालतं. गुळाचा काळा चहा चालतो, पण मला चालला नाही. पहिल्या दिवशी घोट घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. लोणची-पापड अर्थातच बाद. सोलकढी बाद झाली तेव्हा मात्र सासूबाई हळहळल्या, कारण त्यांच्या आगळात मीठ असतं आणि ते कोणतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, मिठागराचं. त्याऐवजी चिंचेचं सार झालं.

एक गोष्ट मला तेव्हा लक्षात आली नाही, तीन-चार दिवसांनी आली. सासूबाईंनी मिठाचा डबाच बदलला होता. रोजचं मीठ काढून वरच्या फळीवर, आणि ओट्यावर शेंदेलोण. सगळं घर तेच खात होतं. विचारलं तर म्हणाल्या, "दोन भांडी कोण करणार?" पाडव्याला श्रीखंड आलं नाही, खोबऱ्याच्या वड्या झाल्या. रविवारी शेजारून बांगडा तळल्याचा वास आला, तेव्हा सासूबाईंनी उठून खिडकी लावली. एप्रिलमध्ये खिडकी! घाम पुसत बसल्या, पण उघडली नाही.

आयोडीन जेवणाखेरीजही कुठून कुठून येतं. लेक सायकलवरून पडली, गुडघा सोलवटला, मी धावत जाऊन कपाटातून ती तपकिरी बाटली काढली. पोव्हिडोन आयोडीन. नवऱ्याने बाटली हातातून काढून घेतली आणि मला खोलीबाहेर घालवलं. लेक रडायची थांबून म्हणाली, "आईला काय झालं?" घसा दुखला तर त्याच औषधाच्या गुळण्या करायच्या नाहीत, खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय नाही, आणि रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर हा स्कॅन महिना-दोन महिने पुढे ढकलावा लागतो, कारण त्या रंगद्रव्यात आयोडीन भरपूर असतं. मला कंबरेच्या दुखण्यासाठी जानेवारीत कुणीतरी सीटी सुचवला होता. मी नुसताच एक्स-रे काढला होता. थोडं नशीब, थोडा आळस.

तिसऱ्या आठवड्यात मी मंदावले. याचं वर्णन कठीण आहे. थकवा म्हणावं तर थकवा नाही. शरीरातला कुणीतरी एकेक दिवा मालवत जातो तसं होतं. आवाज घोगरा झाला. चेहरा सुजला. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद करून मी शाल घेऊन बसे आणि घरातले तिघे घामाघूम होऊन माझ्याकडे बघत. फोनवर बँकेतल्या बाईने जन्मतारीख विचारली, तर मला आठवायला दहा सेकंद लागली. तिला वाटलं असेल, मी कुणीतरी भामटी आहे. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, ते फारच खरं. मी रस्ता ओलांडतानाही दोनदा विचार करत होते. रडू मात्र पटकन यायचं. एका रात्री दुधाच्या चहासाठी रडले. कॅन्सर झाला तेव्हा रडले नव्हते, आणि चहासाठी रडले, याची मला त्याही अवस्थेत लाज वाटली.

त्या दिवसांत एक विचार सतत पाठ सोडत नव्हता. वर्षभर मी पहाटे उठून त्या पेशींना झोपवत आले. गोळीच्या जास्तीच्या डोसने छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे, हाडांची काळजी म्हणून डेक्सा स्कॅन करून घेतला, सगळं त्या झोपेसाठी. आणि आता मीच त्यांना हाका मारत होते. उठा, भूक लागली असेल, या बाहेर. कोणी उठेल का, हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि नव्हतंही. उंदराच्या पिंजऱ्याचं असंच असतं. सकाळी उठून बघेपर्यंत माणसाला ठरवता येत नाही की पिंजरा रिकामा असावा की भरलेला.

२२ एप्रिलला परळला गेलो. कॅप्सूल घेण्याआधी रक्त, गरोदर नसल्याची खात्री, आणि पुन्हा एकदा पथ्याची चौकशी. कॅप्सूल शिशाच्या जाड डबीतून निघाली. चिमट्याने उचलून तिथल्या बाईने ती पेल्यात टाकली, आणि मी क्षणात गिळली. तीन मिलिक्युरी. मागच्या वेळच्या १०० पुढे काहीच नाही. आपल्याकडे हे आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं आणि वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून रुग्णालयांना जातं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळलाच आहे. मला हे आवडतं. आपल्या शहरातली खाडी, खाडीच्या काठची भट्टी, आणि तिथे बनलेला हा पदार्थ दर आठ दिवसांनी अर्धा होत जाणारा. त्याला साठवून ठेवता येत नाही, लोणच्यासारखा. ठरलेल्या दिवशी तो यायलाच हवा, आणि ठरलेल्या दिवशी मी भुकेली असायला हवी. दोघांचं वेळापत्रक जुळलं तरच भेट.

दुसऱ्या दिवशी, हनुमान जयंतीला, सकाळी प्रयोगशाळेतून फोन. मुलीच्या आवाजात घाबरलेपण. "मॅडम, तुमचा टीएसएच ८७ आलाय. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा." मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अरे वा!" तिकडे बराच वेळ शांतता. मग तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तुम्हाला हाच हवा होता?" हो बाई, ३० पुरला असता, तो ८७ आला. परीक्षेत एवढे गुण मला कधी मिळाले नव्हते.

त्या दोन दिवसांत पाणी भरपूर प्यायचं, लाळ सुटत राहावी म्हणून आंबट चघळायचं, टॉयलेट दोनदा फ्लश करायचं, लेकीला कुशीत घेऊन झोपायचं नाही. लेक म्हणाली, "मी हात धरू का, लांबून?" लांबून कसा धरणार, हा प्रश्न तिला पडला नाही.

२४ ला स्कॅन. मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या खिशात दिलं. एरवी काळे मणी माझ्या गळ्यावरच्या रेषेवरच येतात आणि ती झाकतात. काढल्यावर आरशात ती उघडी दिसली, अजून थोडी गुलाबी. टेबलावर झोपले, कॅमेऱ्याचं चौकोनी पान चेहऱ्याच्या इतक्या जवळ आलं की पापणी लागेल असं वाटलं. "हलायचं नाही, श्वास नेहमीसारखा." जवळजवळ पाऊण तास. कॅमेरा माझ्यातून काही काढत नव्हता आणि माझ्यात काही घालतही नव्हता, नुसता बघत होता. मी मनात भाजीची यादी करत होते. वांगी, मेथी, दूध. दूध दोनदा आलं.

बाहेर आल्यावर पडद्यावरचं चित्र ओझरतं दिसलं आणि पोटात गोळा आला. माणसाची फिकट आकृती, आणि तिच्या पोटात एक मोठा काळा डाग. खाली आणखी एक. तोंडाजवळ, नाकाजवळ काळं. माझ्या चेहऱ्यावरून तंत्रज्ञाला कळलं असावं. तो म्हणाला, "ताई, हे सगळ्यांचंच असतं. लाळ, जठर, मूत्राशय. आयोडीन तिथून जातं. गळ्याबद्दल डॉक्टर सांगतील." मी गळ्याकडे पाहिलंच नव्हतं. वर पाहणार, तेवढ्यात त्याने पडदा बदलला होता.

२५ ला गोळी पुन्हा सुरू. नवऱ्याने साड्यांमागून बाटली काढली, तिला डांबरगोळ्यांचा वास लागला होता. पहाटे साडेपाचला गिळली. लगेच काही होत नाही, आठवडे लागतात, हे ठाऊक असूनही मी शाल बाजूला टाकली.

दुपारी रिपोर्ट. गळ्यात आयोडीन कुठेच दिसलं नाही. शंकेची ती जागाही रिकामी. थायरोग्लोब्युलिन ०.४. टीएसएच एवढा चढलेला असताना १ च्या खाली असलं तर चांगलं मानतात. त्याला खोटं पाडणाऱ्या अँटीबॉडीजही नव्हत्या. डॉक्टरबाईंनी थायरॉक्सिन १२५ वरून ११२ केलं. आता टीएसएच तेवढा दाबून ठेवायची गरज नाही, म्हणाल्या, हृदयाला आणि हाडांना थोडी विश्रांती. सहा आठवड्यांनी रक्त, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आणि नंतर? "नंतरचं नंतर बघू." त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले.

परळ स्टेशनच्या बाहेर टपरीवर दुधाचा कटिंग प्यायलो, दोघांनी दोन-दोन.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओट्यापाशी होत्या. मिठाचा रोजचा डबा पुन्हा खाली आला होता, आणि शेंदेलोणाचं पाकीट अर्धं उरलेलं बाजूला. मी त्यांना रिपोर्ट सांगितला. त्यांनी पदराने हात पुसून देवाजवळ साखर ठेवली. मग मी पाकीट उचललं. "हे टाकून देऊ का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "परवा संकष्टी आहे, लागेल."

त्यांनी पाकिटाचं तोंड दोनदा दुमडलं, त्याला रबर लावलं, स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, मागे, कुकरच्या जुन्या शिट्टीशेजारी ठेवून दिलं. उपवासाचं सामान आमच्याकडे खालच्या फळीवर असतं.